परदेशातली वीजक्षेत्रातली नोकरी आणि व्हिसामागचा हिशेब

ब्रिटनमधल्या एखाद्या मोठ्या वीज कंपनीने पुण्याच्या किंवा नागपूरच्या इंजिनिअरला पाच वर्षांसाठी घ्यायचे ठरवले, तर त्याचा पहिला पगार निघण्याआधीच तिला सरकारकडे सात हजार पौंडांहून अधिक रक्कम भरावी लागते. 'इमिग्रेशन स्किल्स चार्ज' नावाचे शुल्क डिसेंबर 2025 पासून मोठ्या कंपन्यांना वर्षाला 1,320 पौंड पडते. पाच वर्षांचे 6,600 पौंड, आणि तेही आगाऊ. त्यावर 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'चे 525 पौंड. ही रक्कम कर्मचाऱ्याकडून वसूल करायला बंदी आहे. शिवाय स्पॉन्सर म्हणून मिळालेला परवाना सांभाळायचा, माणूस ठरलेल्या जागी ठरलेल्या पगारावर काम करतो आहे याच्या नोंदी ठेवायच्या, तो नोकरी सोडून गेला तर गृहखात्याला कळवायचे, ही जबाबदारी वेगळीच.

बाहेरची नोकरी शोधणाऱ्या आपल्याकडच्या तरुण इंजिनिअरांनी शोधाची सुरुवात या हिशेबापासून करावी, असे मला मनापासून वाटते. बहुतेक जण आधी विचारतात, "कुठली कंपनी व्हिसा स्पॉन्सर करते?" कंपनीच्या टेबलावर मात्र प्रश्न वेगळा असतो. इतका खर्च, महिन्यांची वाट आणि कागदपत्रांचा व्याप पत्करून घ्यावे असे या उमेदवाराजवळ काय आहे, जे इथे जवळपास मिळत नाही? "मला हरित ऊर्जेत करिअर करायचे आहे" हे त्याचे उत्तर होत नाही. "400 केव्हीच्या दोन उपकेंद्रांचे प्रोटेक्शन टेस्टिंग मी स्वतः केले आहे, रिले अमुक कंपनीचे होते, ऑटोमेशन आयईसी 61850 प्रमाणे होते" हे मात्र उत्तर आहे, आणि ते वाचून भरती करणारा इंजिनिअर मान वर करतो.

ऊर्जाक्षेत्र म्हटले की डोळ्यांसमोर तेलविहिरी, सौर पॅनेल, पवनचक्क्या येतात. पण आज जगात माणसांचा खरा तुटवडा आहे तो वीज वाहून नेण्याच्या कामात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ऑक्टोबर 2023 मध्ये विद्युत जाळ्यांवरचा अहवाल काढला. देशांनी जाहीर केलेली उद्दिष्टे गाठायची तर 2040 पर्यंत 8 कोटी किलोमीटर लांबीच्या वाहिन्या नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील, असे त्यात म्हटले होते. आज जगात आहे तेवढे जाळे जवळजवळ पुन्हा उभारण्यासारखेच हे काम. त्याच अहवालाप्रमाणे तेव्हा 3,000 गिगावॅटचे अपारंपरिक वीजप्रकल्प ग्रिडला जोडून घेण्यासाठी रांगेत उभे होते. प्रकल्प आहेत, पैसा आहे, वारा आहे; वीज न्यायला तार नाही.

या तुटवड्यातही सगळ्यांत टोकाचा तुटवडा उच्चदाब एकदिश प्रवाहाच्या, म्हणजे एचव्हीडीसीच्या माणसांचा आहे. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी. ती समुद्राखालच्या किंवा जमिनीखालच्या लांब केबलमधून पाठवायची म्हटले तर केबल स्वतःच एखाद्या प्रचंड कपॅसिटरसारखी सतत चार्ज-डिस्चार्ज होत राहते. काही अंतरानंतर तिची बरीचशी क्षमता त्यातच खर्ची पडते. म्हणून किनाऱ्यापासून दूर समुद्रात तयार झालेली वीज आधी एकदिश करतात, केबलने आणतात आणि किनाऱ्यावर पुन्हा प्रत्यावर्ती करतात. उत्तर समुद्रातले डॉगर बँक हे पवनक्षेत्र अशाच केबलने इंग्लंडला जोडलेले आहे. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडपासून यॉर्कशरमधल्या ड्रॅक्सपर्यंत 2 गिगावॅटची 'ईस्टर्न ग्रीन लिंक 2' समुद्राखालून टाकली जाते आहे. जर्मनीत उत्तरेची पवनऊर्जा दक्षिणेच्या कारखान्यांना देण्यासाठी 'झ्यूडलिंक' हा सुमारे 700 किलोमीटरचा, 525 केव्हीचा, जमिनीखालचा दुहेरी मार्ग खणला जातो आहे.

इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण हे तंत्र आपल्याला परके नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईच्या दारात, भिवंडीजवळच्या पडघ्याला आणणारी 500 केव्हीची, 1,500 मेगावॅटची एचव्हीडीसी वाहिनी 1990च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात चालू आहे. राज्याच्या पारेषण कंपनीतल्या कित्येक अभियंत्यांची उमेदीची वर्षे तिच्या देखभालीत गेली. पुढे रायगढ ते पुगळूर ही छत्तीसगडपासून तमिळनाडूपर्यंतची, सुमारे 1,800 किलोमीटरची, 800 केव्हीची, 6,000 मेगावॅटची वाहिनी झाली. पुगळूर ते त्रिशूर हा नव्या व्होल्टेज-सोर्स तंत्राचा, देशातला पहिला प्रकल्प 2021 मध्ये सुरू झाला. त्याच तंत्रावर मुंबईसाठी कुडूस ते आरे अशी 1,000 मेगावॅटची जोडणी आखली गेली. युरोपातल्या बऱ्याच देशांत एवढ्या लांबीच्या आणि एवढ्या क्षमतेच्या वाहिन्यांवर काम केलेली माणसे मोजकी आहेत. आपल्याकडच्या माणसाने "पडघ्याला होतो" एवढेच सीव्हीत लिहून सोडले, तर समोरच्याला त्याचा अर्थ लागणार नाही. कन्व्हर्टर स्टेशन, व्हॉल्व्ह हॉल, कूलिंग, कंट्रोल सिस्टीम, किती केव्ही, किती मेगावॅट, कोणत्या आउटेजमध्ये काय बदलले, हे एकेक उलगडून लिहिले, तर तोच अनुभव दुर्मीळ ठरतो.

आता देशांकडे वळू. स्पॉन्सरशिप या एकाच नावाखाली प्रत्येक देशाने वेगळी व्यवस्था उभी केली आहे, आणि ती न समजल्यामुळे पुष्कळ अर्ज चुकीच्या दारावर पडतात.

ब्रिटनमध्ये परवाना असलेली कंपनीच परदेशी माणसाला घेऊ शकते. अशा सर्व कंपन्यांची यादी गृहखाते उघडपणे प्रसिद्ध करते. कंपनीचे नाव, गाव, दर्जा आणि कोणत्या प्रकारच्या व्हिसासाठी परवाना आहे, हे तीत दिसते. ही यादी म्हणजे नोकऱ्यांची जाहिरात नव्हे. परवाना असलेल्या कंपनीत जागा असेलच असे नाही. पण उलट दिशेने ती फार कामाची आहे. आवडलेली जागा दिसली की कंपनीचे नाव तिथे शोधायचे. नसेल तर त्या अर्जात आठवडा घालवायचा की नाही, हे आपोआप कळते. जुलै 2025 पासून 'स्किल्ड वर्कर' व्हिसासाठी काम पदवी पातळीचे लागते आणि पगार वर्षाला किमान 41,700 पौंड किंवा त्या व्यवसायासाठी ठरवलेला दर, यांतला जो जास्त तो. नवख्यांना, म्हणजे वय 26 च्या आत असलेल्यांना किंवा तिथे नुकतेच शिकलेल्यांना, ही किमान मर्यादा 33,400 पौंड आहे. ग्रिडच्या कामातले पगार ही रेषा बहुधा ओलांडतात, म्हणून या क्षेत्राला अजून दार उघडे आहे.

समुद्रातल्या पवनक्षेत्रांवर काम करू पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कामगारांसाठी ब्रिटनने वर्षानुवर्षे सवलत ठेवली होती. ती 30 एप्रिल 2023 ला संपली. आता किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत काम असेल तर रीतसर वर्क व्हिसा लागतो. त्यापलीकडच्या समुद्राला नियम वेगळे. त्यामुळे "साइट कुठे आहे?" हा प्रश्न मुलाखतीत विचारणे अगदी रास्त ठरते. टर्बाइनवर चढायचे असेल तर ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, म्हणजे उंचीवरचे काम, आग, प्रथमोपचार, वजन उचलणे आणि समुद्रात जीव वाचवणे, हे आधीच केलेले असावे. तेलाच्या प्लॅटफॉर्मसाठी त्याऐवजी 'बोसिएट' हे सुरक्षा प्रशिक्षण लागते. हे खर्चिक अभ्यासक्रम ऑफर हातात येण्याआधी करावेत का? माझे मत असे, की तुमचे काम टेक्निशियनचे असेल तरच करावेत. डिझाइनच्या किंवा प्रोटेक्शनच्या इंजिनिअरला ते कंपनी करवून घेते.

जर्मनीत चित्र निराळे आहे. तिथे कंपनीला असा परवाना लागतच नाही. नोकरीचा करार, मान्य होणारी पदवी आणि ठरलेला पगार असला की 'ईयू ब्लू कार्ड' मिळते. 2026 साठी पगाराची रेषा वर्षाला 50,700 युरो आहे. इंजिनिअरिंगसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांना 45,934 युरो चालतात. तेव्हा जर्मन कंपनीला पहिल्याच पत्रात "आपण व्हिसा स्पॉन्सर करता का?" असे विचारले की छोट्या शहरातला मनुष्यबळ अधिकारी बिचकतो. त्याला वाटते, आपल्यावर काहीतरी मोठी जबाबदारी येते आहे. त्याऐवजी दोन ओळींत सांगावे: माझी पदवी अमुक विद्यापीठाची, 'अनाबिन' या सरकारी माहितीसाठ्यात तिची नोंद अशी आहे, हा पगार ब्लू कार्डाच्या रेषेवर आहे, तुमच्याकडून मला नोकरीची माहिती देणारा एक सरकारी फॉर्म भरून लागेल. एवढे लिहिणाऱ्याचे काम निम्मे हलके होते. विद्यापीठाची आणि पदवीची नोंद तिथे सापडत नसेल, तर पदवीचे मूल्यमापन पत्र सरकारी कार्यालयाकडून आधी मागवून ठेवावे. त्याला वेळ लागतो.

भाषेबद्दल मात्र मी कुणालाही गोड बोलून फसवणार नाही. ब्लू कार्डाला जर्मन भाषेची अट नाही हे खरे. पण उपकेंद्रात ब्रेकर उघडताना, अर्थिंग लावताना, परमिट देताना बोलली जाते ती जर्मन, आणि तिथे एका शब्दाच्या गैरसमजाने जीव जातो. संगणकावर बसून ग्रिडचा अभ्यास करणाऱ्याला इंग्रजीवर निभावता येईल. साइटवरच्या माणसाला बी-1 पातळी गाठल्याशिवाय कुणी चावी देणार नाही, आणि देऊही नये. शिकण्याचा फायदा कागदावरही मिळतो. ब्लू कार्डवाल्याला साधी ए-1 पातळी असेल तर 27 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, बी-1 असेल तर 21 महिन्यांनीच. जर्मन सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या 20,000 वरून 90,000 पर्यंत नेण्याचे ठरवले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि 'झ्यूडलिंक'चे एक टोक नेमके त्याच राज्यात आहे.

पदविकाधारकांचा, आयटीआय झालेल्यांचा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. रोहित्र दुरुस्त करणारे, केबल जोडणारे, रिले पॅनेलचे वायरिंग डोळे मिटून सांगणारे हात याच मुलांचे असतात. ब्रिटनने पदवीची पातळी आणून त्यांच्यासाठी मुख्य दार बंद केले. काही तांत्रिक कामे तात्पुरत्या यादीत आहेत, पण ती यादी 2026 अखेरपर्यंतची, आणि त्या वाटेने नव्याने गेलेल्याला कुटुंब नेता येत नाही. जर्मनीने मात्र 2024 मध्ये एक चांगली वाट खुली केली. आपल्या देशात सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा संबंधित अनुभव असेल, पगार ठरलेल्या रेषेवर असेल, तर तिथल्या पात्रतेची औपचारिक मान्यता नसतानाही अनुभवी कामगार म्हणून व्हिसा मिळू शकतो. आपल्या पॉलिटेक्निकांमध्ये हे सांगणारे कुणीतरी हवे.

ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2024 पासून 'स्किल्स इन डिमांड' हा व्हिसा आहे. परवानाधारक कंपनी, तुटवड्याच्या यादीतला व्यवसाय आणि एक वर्षाचा अनुभव ही त्याची मुख्य सूत्रे. त्याचा मोठा दिलासा असा, की नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी 180 दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये साधारण 60 दिवस मिळतात, अमेरिकेत एच-1बी वर 60. इंजिनिअरिंग पदवीच्या मूल्यमापनात 'वॉशिंग्टन अकॉर्ड'चा उपयोग होतो. भारत 2014 मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला, पण मान्यता सरसकट सगळ्या पदव्यांना नाही. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या पहिल्या श्रेणीत, त्या त्या वर्षी मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांनाच आहे. बाकीच्यांना आपल्या कामाचे तीन सविस्तर वृत्तांत लिहून द्यावे लागतात. ते विकत लिहून घेण्याचा धंदा चालतो. त्या फंदात पडू नये. नक्कल सापडली तर पुढचा काही काळ दार बंद होते. अमेरिकेविषयी फार लिहीत नाही. एच-1बी च्या जागा वर्षाला 85,000, त्याही सोडतीने, आणि सप्टेंबर 2025 च्या आदेशानंतर देशाबाहेरून नव्याने घ्यायच्या माणसामागे 1,00,000 डॉलर भरायची अट आली. या घडीला तिथे थेट अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

त्यापेक्षा एक संथ पण खात्रीचा रस्ता आहे. हिताची एनर्जी, सीमेन्स एनर्जी, जीई व्हर्नोव्हा या एचव्हीडीसीतल्या तिन्ही बड्या कंपन्यांची भारतात मोठी केंद्रे आहेत. कळव्याच्या कारखान्यात रोहित्रे बनतात हे ठाणेकरांना ठाऊक आहे. अशा केंद्रांत दोन-तीन वर्षे परदेशी प्रकल्पांवर काम केलेल्या माणसाला कंपनीच तिकडच्या साइटवर पाठवते. अशा अंतर्गत बदलीचा व्हिसा बहुतेक देशांत वेगळा असतो. ब्रिटनमध्ये तो कायम वास्तव्याकडे नेत नाही, हे मात्र आधीच ठाऊक असावे.

आखातात स्पॉन्सर हा शब्द सर्वांत जुना. चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्यांत, उरणला शिकलेले कित्येक फिटर, वेल्डर, इन्स्पेक्टर शटडाउनच्या कामाला तिकडे जात आले आहेत. आता तिथेही ग्रिडचे काम वाढते आहे. सौदी अरेबियाची वीज 60 हर्ट्झची आणि शेजाऱ्यांची 50 हर्ट्झची, म्हणून त्यांना जोडणारे अल-फाधिलीचे केंद्र एचव्हीडीसीचेच आहे. सौदी ते इजिप्त 3,000 मेगावॅटची जोडणीही त्याच तंत्राची. सौदीत इंजिनिअरला तिथल्या अभियंता परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि व्हिसावरचा हुद्दा पदवीशी जुळावा लागतो. "आधी या, हुद्दा नंतर बदलू" असे म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहावे.

एजंटांचा विषय आलाच आहे तर स्पष्ट लिहितो. भारतात परदेशी भरतीसाठी 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची नावे सरकारच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर कुणालाही तपासता येतात. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. यात एक फट आहे. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट नसते, त्यामुळे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या कार्यालयात कमी शिकलेल्या मजुराचा करार तपासला जातो आणि इंजिनिअरचा करार कुणीच पाहत नाही. शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेईल असे कायद्याने गृहीत धरले आहे. म्हणूनच ब्रिटनचे स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट लाखो रुपयांना "विकणारे" लोक शिकलेल्यांनाच गाठतात. ते विकत घेण्याची वस्तू नाही. असे सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीचा परवाना रद्द झाला की तिच्या नावावर आलेल्या कामगाराचा व्हिसाही कापला जातो. मोठ्या तेल कंपन्यांच्या नावाने येणाऱ्या ऑफरबाबतही तेच. मुलाखतीशिवाय ऑफर आणि "रिफंडेबल डिपॉझिट" एकत्र आले की तिथेच थांबावे.

करार हातात आला की सही करण्याआधी घरच्यांबरोबर बसून आकडे मांडावेत. ब्रिटनच्या बाबतीत कंपनी भरते ते सात हजार पौंड तिचे. आरोग्य अधिभार तुमचा असतो, जोवर कंपनी तो देण्याचे लिहून देत नाही. तो मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 आणि लहान मुलाला 776 पौंड आहे. नवरा-बायको आणि एक मूल, पाच वर्षे: 14,230 पौंड, आणि तेही व्हिसाच्या अर्जाबरोबर एकदम. हा खर्च कोण करणार, हे ऑफरवर बोलणी चालू असतानाच विचारावे. नंतर विचारले तर मान्य होत नाही. मुदतीआधी नोकरी सोडल्यास काय परत द्यावे लागेल, हे कलम दोनदा वाचावे. भविष्य निर्वाह निधीचेही पाहावे. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे. भारतीय कंपनीने काही काळासाठी पाठवलेल्या माणसाने इथल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून व्याप्ती प्रमाणपत्र घेतले, तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही. हे प्रमाणपत्र निघण्याआधी घ्यायचे असते आणि त्यासाठी अर्ज कंपनीमार्फत जातो, तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी आपल्या मनुष्यबळ विभागाला त्याची आठवण करून द्यावी.